कठीण शब्दांची स्पर्धा आणि सोपी सही

यंदाच्या दशलक्षण पर्वात आमच्या आदिलाबादच्या महिला मंडळानं एक स्पर्धा ठेवली होती. 'दुर्मिळ इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगा.' बक्षीस स्टीलचा डबा. प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावलं होतं. वयानं मोठी, चार पुस्तकं लिहिलेली, आणि बोलावलं की येते, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

शब्द एकाहून एक होते. 'सेरेंडिपिटी', 'पेट्रिकोर', 'सोलिलोक्वी'. दहावीतल्या एका पोरीनं 'डिफेनेस्ट्रेशन' म्हणजे खिडकीतून बाहेर फेकणं, असं झटक्यात सांगितलं आणि डबा जिंकला. मी पण टाळ्या वाजवल्या. पोर हुशार आहे, खोटं कशाला बोलू.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, दोन नको, एकच विचारते. 'कोपार्सनर' म्हणजे काय?

हॉलमध्ये पन्नास-साठ बाया होत्या. बी.कॉम. झालेल्या, एम.ए. झालेल्या, कॉन्व्हेंटमधल्या मास्तरीण, एक दोन फार्मसीवाल्या. कुणालाच येईना. मागून एकजण म्हणाली, "पार्सलवाला का ओ अक्का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग मी दुसरा प्रश्न विचारला. "माहेरच्या इस्टेटीच्या इंग्रजी कागदावर सही कुणीकुणी केली आहे?" आधी तीन हात वर आले. मग सात. मग मी मोजायचं सोडलं. "त्यातल्या किती जणींनी तो कागद वाचला होता?" एकही हात राहिला नाही.

तेवढ्यात व्यासपीठावरून एका मान्यवर काकूंनी माझा पदर हळूच ओढला. म्हणाल्या, "अक्का, आज उत्तम त्यागाचा दिवस. आज हा वाटणीचा विषय कशाला काढताय?"

त्या दिवशी मी गप्प बसले. पर्वात भांडण नको म्हणून. आता पर्व संपलंय, क्षमावाणीही झाली. काकूंची क्षमा मागून झालेली आहे, तेव्हा आता उत्तर देते.

आधी माझीच गोष्ट सांगते, म्हणजे मी दुसऱ्याच्या घरात डोकावते असं कुणी म्हणायला नको.

आमच्या अण्णांची आडत होती, कापसाची. आदिलाबादचा कापूस म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. अण्णा १९९८ साली गेले. तेराव्यानंतरच्या आठवड्यात पेढीवर मला आणि धाकट्या बहिणीला बोलावलं. सरबत झालं, अण्णांच्या आठवणी निघाल्या, डोळे पुसून झाले. मग कागद पुढे आला. इंग्रजी टाइप केलेला, चार पानं. ज्यांनी तो लिहून आणला होता ते गृहस्थ म्हणाले, "ताई, फॉर्मॅलिटी आहे. इथं, इथं आणि इथं." पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या. मी पदवीधर. तेव्हा माझे लेख छापून येत होते. आणि मी तीन फुल्यांवर तीन सह्या केल्या. बहिणीनंही केल्या. दुसऱ्या दिवशी सब-रजिस्ट्रार कचेरीत अंगठे झाले. वहिनीनं दोघींना साड्या नेसवल्या.

तो कागद मी बारा वर्षांनी वाचला. डिक्शनरी घेऊन. त्यात लिहिलं होतं की मी 'नॅचरल लव्ह अँड अफेक्शन' पोटी माझा सगळा हक्क 'रिलीज, रिलिंक्विश अँड फॉरएव्हर क्विट क्लेम' करते. प्रेमापोटी, म्हणे. प्रेम होतं, आहे, खोटं नाही. पण माझ्या प्रेमाचं वाक्य दुसऱ्या कुणीतरी टाइप करून आणलं होतं, हे मला बारा वर्षं ठाऊक नव्हतं.

भावावर माझा राग नाही. त्यानं तरी कुठं वाचला होता? पण राग आहे, आणि तो कुठं तरी ठेवायलाच हवा. तो मी आज त्या चार पानांतल्या शब्दांवर ठेवते.

आता तो शब्द घ्या, 'कोपार्सनर'. जुना शब्द आहे, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. मूळ अर्थ साधा, वाटेकरी. आपल्या मिताक्षरा कायद्यातल्या एकत्र कुटुंबात जन्मानंच ज्याला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा मिळतो, त्याला इंग्रज वकिलांनी हा शब्द लावला. म्हणजे मुलगा, नातू, पणतू. मुलगी नाही.

आणि आता ऐका. खुद्द इंग्लंडच्या जुन्या कायद्यात हा शब्द प्रामुख्यानं कुणासाठी होता? बहिणींसाठी! तिथं बापाला मुलगा असला तर थोरला मुलगा सगळी जमीन घेई. मुलगा नसला आणि दोन-तीन मुली असल्या तर त्या सगळ्या मिळून एकत्र वारस होत. त्या बहिणींना म्हणायचे कोपार्सनर. हा बहिणींचा शब्द समुद्र ओलांडून इकडं आला आणि बहिणींनाच बाहेर ठेवायच्या कामाला लागला. दीडशे वर्षं आपल्या मुलींना त्यांच्याच नावाच्या शब्दानं दाराबाहेर उभं केलं. डिफेनेस्ट्रेशन म्हणजे खिडकीतून फेकणं ना? मग त्या पोरीला अर्धं उत्तर आलंच होतं म्हणायचं.

हा शब्द मुलींकडे परत यायला काय काय झालं, तेही तारखांसकट लक्षात ठेवा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, त्यानं मृत्युपत्र केलं नसेल तर, मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखा हिस्सा दिला. हा कायदा जैनांनाही लागू आहे, त्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण वडिलोपार्जितात मुलगी कोपार्सनर नव्हती. आपल्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशानं ते बदललं, ५ सप्टेंबर १९८५ पासून. महाराष्ट्रानं बदललं २२ जून १९९४ पासून. दोन्हीकडे अट एकच, त्या तारखेआधी लग्न झालेली मुलगी नाही. मग ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात मुलगी जन्मानंच कोपार्सनर झाली, लग्न झालेलं असो वा नसो. आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ च्या त्या दिवशी बाप हयात असायलाच हवा असंही नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी होऊन झालेल्या वाटण्या आणि व्यवहार तसेच राहतात.

आपल्या या भागाला हे जास्त लागतं. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यांची वाटणी झाली आणि ते महाराष्ट्रात गेले. सोयरिकी काही थांबल्या नाहीत. पेनगंगेच्या अलीकडच्या घरातल्या मुलीला १९८५ ला हक्क मिळाला, पलीकडच्या घरातल्या तिच्या मावसबहिणीला त्यासाठी नऊ वर्षं थांबावं लागलं. आता माझंच बघा. माझं लग्न १९८३ चं, बहिणीचं १९८९ चं. म्हणजे १९९८ साली, त्या एकाच कागदावर, एकाच पेनानं सही करताना ती आंध्रच्या कायद्यानं कोपार्सनर होती आणि मी नव्हते. अण्णांनी स्वतः घेतलेल्या घरात आणि दुकानात मात्र आम्हा दोघींचा हिस्सा होता. तिनं एक सोडलं, मी दुसरं सोडलं. दोघींनाही माहीत नव्हतं आपण काय सोडतोय ते. वहिनीनं साड्या मात्र दोघींना सारख्याच नेसवल्या.

दुसरा शब्द 'रिलिंक्विश'. लॅटिनमधून आलेला. सोडून देणं, मागं टाकणं. त्याच धातूपासून जुन्या इंग्रजीत आणखी एक शब्द होता, 'रेलिक्ट', म्हणजे विधवा. मागं राहिलेली, उरलेली. दोन्ही शब्द एका आईचे. नवरा गेला की बाई 'उरलेली', आणि बाप गेला की तीच बाई 'सोडणारी'. मराठीत 'हक्कसोडपत्र' म्हणतात. किती स्वच्छ शब्द आहे! हक्क आहे, तो सोडते आहे, त्याचं पत्र. या शब्दात काही लपून राहत नाही. म्हणूनच तर कागदावर तो क्वचित दिसतो. 'डीड' म्हटलं की बाईला वाटतं, काहीतरी सरकारी असेल.

तिसरा शब्द 'पॅराफर्नेलिया'. हा तर स्पर्धेच्या यादीतच होता. अर्थ सांगितला गेला, 'किरकोळ सामानसुमान, पसारा'. उत्तर बरोबर धरलं. पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे, हुंड्याव्यतिरिक्त बाईनं स्वतःचं म्हणून आणलेलं. तिचे कपडे, तिचे दागिने, तिच्या हक्काच्या वस्तू. रोमन कायद्यात त्यावर ताबा बाईचा असे. म्हणजे जवळजवळ आपलं स्त्रीधनच की! इंग्लंडमध्ये गेल्यावर नवऱ्यानं त्यावर हात टाकला. मृत्युपत्रानं तो ते दुसऱ्याला देऊ शकत नसे, पण जिवंतपणी विकू शकत असे. शेवटी बाईची मालमत्ता म्हणजे पसारा, असा अर्थ होऊन बसला. शब्द झिजत नाही बायांनो, तो झिजवला जातो.

आपल्याकडं स्त्रीधनाचा पसारा होऊ दिला नाही कायद्यानं. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्त्रीधन बाईचंच, सासरी ते ठेवायला दिलं म्हणून नवऱ्याचं होत नाही. पण लॉकर कुणाच्या नावावर आहे तुमचं? किल्ली कुठं आहे? मी विचारत नाही. तुम्हीच स्वतःला विचारा.

चौथं, 'रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राइट्स'. हे पूर्ण वाक्यच पाठ करा. मराठीत वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. साध्या बोलीत, कोर्टानं बाईला सांगायचं की नांदायला जा. रखमाबाईचं नाव आपण ऐकलेलं आहे. लहानपणी लग्न झालं, ती नांदायला गेली नाही, तर १८८४ साली नवऱ्यानं मुंबईच्या हायकोर्टात याच शब्दांचा दावा लावला. १८८७ साली कोर्टानं हुकूम दिला, नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ ला पैसे देऊन तडजोड झाली. ती विलायतेला गेली, डॉक्टर होऊन आली आणि पुढं सुरत, राजकोटला बायांचे दवाखाने चालवले.

हा दावा मूळ इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतला. इंग्लंडनं तो १९७० च्या कायद्यानं काढून टाकला. आपल्याकडं १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आहे. आपल्याच तेव्हाच्या आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं १९८३ साली, टी. सरिता खटल्यात, हे कलम घटनेविरुद्ध आहे असं म्हणून उडवलं होतं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या एका खटल्यात ते कायम केलं. नवरा-बायको दोघांपैकी कुणीही तो दावा लावू शकतं, हे खरं. पण माहेरी आलेल्या मुलीच्या हातात ही नोटीस पडते तेव्हा तिला तो 'राइट' कुणाचा आणि 'रेस्टिट्यूशन' कशाचं, हे कळायला नको का? नोटिशीला घाबरून, न वाचता, रातोरात सासरी परत धाडलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. त्या शब्दाचा अर्थ कळला असता तर निदान वकिलाकडे तरी गेल्या असत्या.

असे कितीतरी. 'स्पिन्स्टर' म्हणजे मुळात सूत कातणारी. मग लग्न न झालेली. मग 'बिचारी'. इंग्लंडनं २००५ साली लग्नाच्या नोंदवहीतून तो शब्द काढला. तिथं १९९९ साली कोर्टाच्या कामकाजातून 'प्लेन्टिफ' सुद्धा काढला, लोकांना कळावं म्हणून. आपण मात्र अजून 'विटनेसेथ' लिहितो. त्यातली ती 'एथ'ची शेपटी इंग्रजांनीच शेकडो वर्षांपूर्वी कापून टाकलेली आहे, आपल्या बॉन्ड पेपरवर ती अजून हलते. १९५६ च्या पोटगीच्या कायद्यात 'कॉन्क्युबाइन' आहे, 'अनचेस्ट' आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली आणि असे कितीतरी शब्द वापरू नका म्हणून सांगितलं. 'चेस्ट वुमन' ऐवजी नुसतं 'वुमन' म्हणा, 'ईव्ह टीझिंग' म्हणू नका, वगैरे. चांगलं झालं. पण न्यायाधीशांनी शिकायचं आणि ज्यांच्या आयुष्यावर ते शब्द पडतात त्या बायांनी 'पेट्रिकोर' पाठ करायचा, हे कुठलं शहाणपण?

आता काकूंच्या प्रश्नाकडं येते. त्यागाच्या दिवशी हे कशाला?

काकू, तुम्ही आणि मी दरवर्षी दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचं वाचन ऐकतो. रोज एक अध्याय. सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रतांचा. त्याच्या शेवटाकडं दानाची व्याख्या आहे. दान म्हणजे जे 'स्वतःचं' आहे ते दुसऱ्याच्या भल्यासाठी सोडणं. 'स्वतःचं' हा शब्द आचार्यांनी उगाच घातला नाही. जे आपलं आहे हेच माहीत नाही, ते सोडलं कसं? झोपेत खिशातून पडलेल्या पैशाला कुणी दान म्हणतं का? आणि हा सातवा अध्याय ऐकून दुसऱ्याच दिवशी उत्तम त्याग येतो. क्रम बघा, आधी काय आपलं ते कळतं, मग सोडायचं.

त्याच अध्यायात चोरीची व्याख्या आहे. अदत्तादान, न दिलेलं घेणं. मला भावांना दुखवायचं नाही. पण जी बहीण कागद न वाचता सही करते, तिनं ते दिलं का? आणि तिनं दिलं नसेल तर घेणाऱ्यानं काय घेतलं? अणुव्रताचा नियम घेतलेल्या, रात्रीभोजन न करणाऱ्या, कांदा-लसूण घरात येऊ न देणाऱ्या आपल्या घरांनी हा हिशेब एकदा मांडावा. बहिणीला कागद वाचून दाखवणं हे तिच्यावर उपकार नाहीत. ते भावाच्या स्वतःच्या व्रताचं रक्षण आहे.

श्वेतांबर घरातल्या मैत्रिणी सांगतात, त्यांच्याकडंही दशवैकालिकात दयेच्या आधी ज्ञान सांगितलंय. पच्चक्खाण घेताना काय सोडतो ते कळूनच घ्यायचं असतं. मग कचेरीतलं पच्चक्खाण तेवढं डोळे मिटून का?

कुणी म्हणेल, मुलींनी वाटा मागणं ही आपली परंपराच नाही. कुठली परंपरा? आदिनाथ भगवंतांनी ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या मुलींना लिपी आणि अंक शिकवले, असं आपणच पाठशाळेत शिकवतो. एकीला अक्षर, एकीला गणित. वाचता यावं आणि मोजता यावं म्हणूनच ना? नवव्या शतकातल्या जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात घर सोडणाऱ्या गृहस्थानं संपत्तीचे तीन भाग करावे असं सांगितलंय, एक धर्माला, एक घरखर्चाला, एक मुलांत वाटायला, आणि मुलीही मुलांच्या बरोबरीनं सारख्या वाट्याच्या धनी आहेत. राष्ट्रकूटांच्या काळातलं, म्हणजे दिल्लीच्या संसदेच्या अकराशे वर्षं आधीचं लिहिणं आहे हे. आणि १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेल्या डाखो नावाच्या अग्रवाल जैन विधवेच्या खटल्यात ठरलं की निपुत्रिक जैन विधवा नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेची पूर्ण मालक होते, आणि कुणाची परवानगी न घेता दत्तक घेऊ शकते. बाकीच्या हिंदू विधवांना तेव्हा फक्त हयातीपुरता हक्क होता. परंपरा आहे काकू. आपण ती विसरलो, आणि आपल्या विसरण्यालाच परंपरा म्हणू लागलो.

दुसरं म्हणणं असतं, माहेर तुटतं. याचं खोटं उत्तर मी देणार नाही. तुटतं कधीकधी. भाऊबीजेचा फोन बंद झालेल्या बाया मी ओळखते, आणि त्यांची रात्र कशी जाते तेही. म्हणून मी कुणाला 'वाटा माग' असं सांगत नाही. ज्याचा त्याचा संसार, ज्याची त्याची गरज. धाकट्या भावाचा धंदा बसलाय, आई त्याच्याकडे आहे, म्हणून सोडावासा वाटला तर जरूर सोडा. मीही कदाचित सोडलाच असता. पण वाचून सोडला असता. मग मला अण्णांच्या घराकडं बघताना हुरहुर वाटली नसती, अभिमान वाटला असता.

तिसरं म्हणणं शिकलेल्या मुलींचं. "अक्का, वकील असतात ना त्यासाठी." असतात. पण कागद ज्यानं लिहवून घेतला, त्याचा वकील तो. तुमचा नाही. आणि आणखी एक ऐका. प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून आपल्या कोर्टांनी 'पर्दानशीन' बाईला एक संरक्षण दिलंय. तिच्या सहीच्या कागदाचा ज्याला फायदा होतो त्यानंच सिद्ध करायचं की तिला तो समजावून सांगितला होता आणि तिला तो कळला होता. निरक्षर बाईलाही कोर्टं असा आधार देतात. तुम्ही-आम्ही मात्र बी.कॉम. आपल्याला कोर्ट विचारणार, "बाई, तुम्हाला वाचता येत होतं ना?" आपल्या आज्यांच्या अंगठ्याला जी दया मिळते ती आपल्या इंग्रजी सहीला मिळणार नाही. शिक्षणानं ढाल काढून घेतली आणि तलवार हातात दिली. ती म्यानातून काढायची नसेल तर शिकलो कशाला?

चौथं म्हणणं मराठीच्या अभिमान्यांचं. इंग्रजी काढा, सगळं आपल्या भाषेत करा, म्हणजे झालं. माझाही जीव मराठीतच आहे. पण भोळेपणा नको. आपल्या या जिल्ह्यात निजामाच्या काळी कागद उर्दूत होते. बाईच्या नावाआधी 'मुसम्मात', नावापुढं 'जौजे' अमुक, म्हणजे अमुकची बायको. हक्क सोडायचा तर 'दस्तबरदारी'. मग इंग्रजी आली. आता तेलुगूही आहे, जी आपल्यातल्या पुष्कळ बायांना बोलता येते, वाचता येत नाही. भाषा तीन झाल्या, फुली मारलेली जागा तीच राहिली. आणि कोपार्सनरला मराठीत काय म्हणतात? 'सहदायाद'. कळलं? नाही ना? मलाही आधी नव्हतं कळलं. तेव्हा भाषा कुठलीही असो, शब्दाला धरून त्याचा अर्थ विचारायची सवय लागली पाहिजे. ती सवय स्पर्धेनं लागते, हे मात्र खरं. म्हणून स्पर्धा बंद करा असं मी म्हणतच नाही.

माझं म्हणणं एवढंच. पुढच्या दशलक्षणात शब्द मी देईन. कोपार्सनर, रिलिंक्विशमेंट, इंटेस्टेट म्हणजे मृत्युपत्राविना गेलेला, असाइन्स म्हणजे ज्यांच्या नावे हक्क पुढं जातो ते, नॉमिनी, आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे हे त्यासोबत, पॉवर ऑफ अॅटर्नी, लाइफ इंटरेस्ट, रेस्टिट्यूशन. दहा बारा शब्द पुरे. 'सेरेंडिपिटी' राहू द्या शेवटी, हौसेला.

आणि स्पर्धेच्या आधी प्रत्येक बाईनं चार नियम घ्यावेत, पर्वात घेतो तसेच. कागद समोर आला त्या दिवशी सही करायची नाही, निदान आठ दिवस तो घरी आणायचा. ज्या भाषेत आपण आईशी बोलतो त्या भाषेत तो पूर्ण वाचून घ्यायचा, आणि वाचणारा त्या व्यवहारातला नसावा. सोडायचंच असेल तर काय सोडते, कुणासाठी सोडते, हे कागदात आपल्या भाषेतही लिहून घ्यायचं. आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत स्वतःच्या कपाटात, स्वतःच्या किल्लीखाली.

भावांनो, हे तुमच्याविरुद्ध नाही. बहिणीनं वाचून, समजून, हसत दिलेला हक्क तुमच्याकडे आला तर तो तुमच्या नातवंडांपर्यंत बिनखटल्याचा राहील. न वाचता घेतलेला कागद मात्र कधी ना कधी कुणीतरी डिक्शनरी घेऊन वाचतंच. मी वाचला तसा.

डबा जिंकलेली ती पोर कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळ आली होती. म्हणाली, "आजी, तो शब्द पुन्हा सांगा, लिहून घेते." मी सांगितला. तिनं वहीत लिहिला आणि विचारलं, "म्हणजे मी आहे का कोपार्सनर?" मी म्हटलं, "जन्मल्यापासून आहेस." तिच्या आईनं तिला घाईनं हात धरून नेलं. घरी काय बोलणं झालं, मला माहीत नाही.

पुढच्या वर्षीचं बक्षीस माझ्याकडून. स्टीलचा डबा नाही. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश देईन, इंग्रजी शब्दाला मराठी शब्द असलेला. काकू, बक्षीस तुमच्या हस्ते. याल ना?